नकाशा व साइट यांतील संवाद (बांधकाम)

इमारतीचा आराखडा करणारे वास्तुविशारद व आरसीसी (सळई-काँक्रीट) कामाचा हिशेब करणारे कन्सल्टंट आणि ती प्रत्यक्ष उभी करणारे साइट इंजिनिअर, गुत्तेदार, मिस्त्री, सळया बांधणारे फिटर यांच्यात बांधकामभर चालणारी माहितीची देवाणघेवाण. ऑफिसातून साइटवर नकाशे व सूचना जातात. साइटवरून ऑफिसात शंका, मापे आणि फोटो येतात. पहिली वाट बहुधा चालू असते, अडते ते दुसरीवर.

मराठवाड्यात ऑफिस छत्रपती संभाजीनगरला नाहीतर थेट पुण्याला, आणि साइट औशाला किंवा उमरग्याला, हे नेहमीचेच. त्यात मापांची भाषाही वेगळी. नकाशा मिलिमीटरमध्ये असतो, साइट फूट, इंच आणि सुतात बोलते. इंचाचा आठवा भाग म्हणजे सूत; म्हणून १२ मिमीची सळई 'चार सुती', १६ मिमीची 'पाच सुती', तर दर १५० मिमी अंतरावरच्या रिंगा (मुख्य सळयांभोवतीच्या कड्या) 'सहा इंचावर'. हे रूपांतर फिटर तोंडी करतो आणि सहसा चुकत नाही. चुकतो तो नकाशातल्या सळईच्या रेघेचा अर्थ. साध्या स्लॅबमध्ये मुख्य सळई तळाशी असते. भिंतीबाहेर काढलेल्या गॅलरीत ताण वरच्या अंगाला येतो, म्हणून ती वर लागते. कागदावर दोन्ही रेघा सारख्याच. त्यातून वर नीट बांधलेली सळयांची जाळीसुद्धा काँक्रीट टाकताना घमेलेवाल्यांच्या पायाखाली दबून खाली बसते. 'स्टील चेकिंग'ला आलेला इंजिनिअर जाळी मोजून, सही करून निघून जातो. ती वर का हवी, हे फिटरला कुणी सांगितलेलेच नसते.

पायाची गोष्ट तशीच. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. पाया तिच्याखाली मुरमात न्यावा लागतो. नकाशात पाच फूट लिहिलेले असते आणि सहा फुटांवरही काळेच निघते. जेसीबी तासाच्या भाड्याने उभा, कन्सल्टंटचा फोन लागत नाही. मग काय ते तिथेच ठरते, आणि ते नकाशावर कधीच चढत नाही. उलट बाजूने, सुधारित नकाशा गुत्तेदाराच्या मोबाईलवर येऊन पडतो; मिस्त्रीच्या हाती मात्र सिमेंटने माखलेली जुनी प्रत. ती परत मागून घेणे कुणाचे काम, हे बहुतेक साइटवर ठरलेले नसते.

शंका वर पोहोचली तरी उत्तर हिशेबाने यावे लागते. अमेरिकेत कॅन्सस सिटीतील एका हॉटेलात १७ जुलै १९८१ रोजी टांगते पादपथ कोसळून ११४ जण मेले. वरखाली असलेले पादपथ टांगणाऱ्या सलग गजाऐवजी दोन तुकडे वापरण्याचा बदल गणित न मांडता मान्य झाला होता; त्याने वरच्या पादपथाच्या जोडावरचा भार दुप्पट झाला.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात लातूर-उस्मानाबाद (आता धाराशिव) भागातील दगडमातीची, माळवदाची घरे ढासळली. उरलेली घरे बळकट करायची तर भिंतीत आरपार दगड घालणे, छतावरच्या मातीचे ओझे उतरवणे या गोष्टी घरमालकाला उमजायला हव्या होत्या. त्यासाठी गावोगावच्या महिला मंडळांतील बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमले गेले. इंजिनिअरचे म्हणणे घरात आणि घरातली अडचण इंजिनिअरपर्यंत नेण्याचे काम त्यांचे. खासगी साइटवर असे पद नसते. तिथे हे काम मिस्त्रीच्या गळ्यात पडते, आणि त्याची मजुरी वेगळी लावली जात नाही.