स्टॅबिलायझरने न जाणारा त्रास: व्होल्टेज आणि नॉइज यांतला फरक

स्मार्ट स्विच आपोआप चालू-बंद होऊ लागला, टच पॅनेलला हात न लावता दिवा लागला किंवा पंख्याचा वेग मध्येच बदलला, की आपल्याकडे निदान ठरलेले असते: व्होल्टेज कमी-जास्त होत आहे. उपायही ठरलेला असतो, तो म्हणजे स्टॅबिलायझर. पुष्कळदा हे निदान चुकीचे असते, आणि ते चुकीचे आहे हे सांगूनही वायरमन आणि दुकानदार तेच पुन्हा सांगत राहतात, म्हणून हा लेख.

व्होल्टेजविषयी मराठवाड्यात कोणाला शिकवावे असे फारसे नाही. नळाला पाणी आले की गल्लीतल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात, २३० व्होल्टचा दाब खाली येतो आणि दिवे मंदावतात. याच्या उलट काही दिवे अचानक प्रखर आणि काही मंद होत असतील, तर कुठेतरी न्यूट्रल सैल झाल्याची शंका घ्यावी, मुख्य स्विच बंद करावा आणि लाइनमनला बोलवावे.

नॉइज ही वेगळी गोष्ट आहे. नळाच्या पाण्याचा दाब उत्तम असूनही पाणी गढूळ असू शकते, तसा हा प्रकार आहे. विजेची मूळ लहर सेकंदाला ५० आवर्तनांची असते. तिच्यावर सेकंदाला हजारो ते लाखो आवर्तनांची बारीक लहर स्वार झाली, की मल्टिमीटर निवांतपणे २३० दाखवत राहतो आणि उपकरण मात्र गोंधळते. पंख्याचा स्मार्ट रेग्युलेटर मूळ लहर शून्यावरून केव्हा जाते हे सेकंदाला १०० वेळा पाहून पंख्याला वीज सोडतो. नॉइजमुळे खोटे शून्य दिसले, की पंखा गुरगुरतो किंवा वेग बदलतो. टच पॅनेल बोटामुळे होणारा अगदी सूक्ष्म विद्युत फरक ओळखत असते; तेवढा फरक तारेतून आला, तरी त्याला बोट लागल्यासारखेच वाटते.

लोक अडखळतात ते घरातला अपराधी ओळखताना, कारण ते जास्त वीज खाणाऱ्या उपकरणावर संशय घेतात. पाण्याची मोटार सुरू होताना जबर प्रवाह ओढते आणि दाब पाडते. मात्र तिच्यात ब्रश नसल्यामुळे चालू असताना ती बरीच शांत असते. मिक्सर सुरू होताना त्या मानाने कमी प्रवाह ओढतो, दिवा फारसा मंदावत नाही. पण त्याच्या कार्बन ब्रशवर सतत ठिणग्या उडतात आणि तो तारेत भरपूर नॉइज सोडतो. स्वस्त एलईडी बल्ब आणि बिननावाचे चार्जर तर त्याहूनही कमी वीज घेतात, परंतु फिल्टरचे सुटे भाग वाचवून बनवल्यामुळे ते दिवसभर तारेत घाण ओततात. सात-आठ वॅटचा बल्ब काय बिघडवणार, हा प्रश्न म्हणूनच निरर्थक आहे.

कारण दाब की नॉइज हे ओळखण्याची एक खूण वेळेची. मोटार चालू करताना स्मार्ट स्विच रीस्टार्ट होत असेल, तर कारण बहुधा दाब पडणे हे असते. मोटार किंवा एक्झॉस्ट फॅन बंद करताना तो रीस्टार्ट होत असेल, तर रिलेचे (आतल्या विजेवर चालणाऱ्या स्विचचे) संपर्क उघडताना उडालेली ठिणगी आणि तिच्यामुळे उठलेला झटका हे कारण असते. तिथे उपाय म्हणजे ठिणगी शमवणारा आरसी स्नबर: ०.१ मायक्रोफॅराडचा एक्स-२ वर्गाचा कपॅसिटर आणि १०० ओहमचा रेझिस्टर एकापाठोपाठ जोडून संपर्कांच्या समांतर लावणे. हे काम जाणकार वायरमनकडूनच करून घ्यावे.

आता स्टॅबिलायझर. स्मार्ट उपकरणांतील वीजपुरवठा बहुतेक वेळा १०० ते २४० व्होल्टवर चालतो, त्यामुळे १९० व्होल्टचा दाब त्यांना जाणवतही नाही. शिवाय रिले असलेला स्टॅबिलायझर ‘खट’ करून टप्पा बदलतो तेव्हा क्षणभर पुरवठा तोडून स्वतःच एक झटका निर्माण करतो. स्पाइक गार्डही निरुपयोगी, कारण तो काही शे व्होल्टच्या उसळीलाच अडवतो आणि नॉइजचे चार-दोन व्होल्ट त्याच्या खालून निघून जातात.

शोधण्याची माझी आवडती पद्धत फुकट आहे. बॅटरीवरचा जुना रेडिओ मध्यम लहरीवर (एएम), स्टेशन नसलेल्या जागी लावावा आणि बोर्डाजवळ धरून एकेक उपकरण बंद करत जावे. ज्याच्यासोबत गुरगुर थांबते तो अपराधी. एफएमवर हे जमत नाही. इन्व्हर्टरवर घर चालवून पाहण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो, पण स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरची लहर स्वतःच उभ्या, तीक्ष्ण कडांची असल्यामुळे त्यावरची चाचणी दिशाभूल करते.

अपराधी सापडल्यावर तो बदलावा, नाहीतर ईएमआय फिल्टर (नॉइज अडवणारा जोड) किंवा फेराइट रिंग (वायरवर चढवायचे चुंबकीय पदार्थाचे कडे) त्याच्याच वायरवर लावावी, त्रास होणाऱ्या स्विचवर नव्हे. फिल्टर समाईक नॉइज, म्हणजे फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांवर सारखाच येणारा नॉइज, अर्थिंगमध्ये सोडतो, आणि आपल्याकडे घोडे अडते ते इथे: काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळली, की अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि या नॉइजपुरता फिल्टर बराचसा निष्प्रभ होतो. लोखंडी कॅबिनेटच्या संगणकाला हात लावताच मुंग्या आल्यासारखे वाटत असेल, तर आधी अर्थिंग तपासून घ्यावे आणि खड्ड्यात पाणी सोडावे.

विजेच्या तारेतूनच इंटरनेट नेणारा पॉवरलाइन अडॅप्टर वापरत असाल, तर तो फिल्टर असलेल्या एक्स्टेन्शन बोर्डात कधीही लावू नये. त्याचा सिग्नल साधारण २ मेगाहर्ट्झपासून वर असतो आणि फिल्टर त्यालाही नॉइज समजून गिळतो. तो थेट भिंतीतल्या सॉकेटमध्येच हवा.