जमैकात लग्न करायचंय? ॲडव्हान्स देण्याआधी जन्मदाखला बघा

भाचीचं लग्न जमैकात करायचं ठरलं, तेव्हा घरातले सगळे निग्रिलच्या किनाऱ्याचे फोटो बघत बसले होते. मी तिचा जन्मदाखला मागितला. तारीख बरोबर, आईवडिलांची नावं ठळक, पण बाळाच्या नावाची जागा कोरी! आपल्याकडे जन्मनोंद बारशाआधीच होते आणि नंतर नाव घालायला कुणी फिरकत नाही. असे दाखले घरोघरी निघतात. तुमचाही तसा असेल तर जिथे जन्मनोंद आहे त्या महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत आधी नाव घालून घ्या. रिसॉर्टचं नंतर बघू.

जमैकाचे नियम तसे सोपे आहेत. दोघांचं वय 18 पूर्ण हवं. विवाह परवान्याचा अर्ज आधीच केलेला असेल, तर देशात पाऊल ठेवल्यावर 24 तासांनी लग्न लागू शकतं. रक्ततपासणी लागत नाही. कागद म्हणजे पासपोर्ट आणि वडिलांचं नाव असलेल्या जन्मदाखल्याची प्रमाणित प्रत. आधीचं लग्न मोडलं असेल तर घटस्फोटाच्या अंतिम हुकुमाची प्रमाणित प्रत, जोडीदार वारला असेल तर मृत्यूचा दाखला. दाखला मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर नोटरी करून जोडा. पासपोर्टवर आणि दाखल्यावर नाव अक्षर न् अक्षर एकच हवं. वडिलांचं नाव एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, यावरच बहुतेकांचं अडतं.

कायदेशीर लग्न लावतो तो सरकारमान्य मॅरेज ऑफिसर, दोन साक्षीदारांसमोर. म्हणून ठिकाण विचारताना पहिला प्रश्न हाच विचारा: तुमच्या पॅकेजमध्ये कायदेशीर विवाह आहे की नुसता समारंभ?

आता जागा. जमैकाचा समुद्रकाठ 1956 च्या किनारा नियंत्रण कायद्याखाली येतो, त्यामुळे किनारा वापरण्याचा परवाना रिसॉर्टकडे आहे का ते बघा. होमाचा अग्नी कुठे पेटवू देतील, तेही लेखी घ्या. सभागृहात धुराचा अलार्म असतो, आणि सप्तपदी अग्नीशिवाय कशी होणार? चक्रीवादळांचा हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर. 28 ऑक्टोबर 2025 ला मेलिसा हे चक्रीवादळ पाचव्या, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीच्या ताकदीने बेटाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर आदळलं आणि पश्चिम भागाची फार हानी झाली. त्यामुळे माहितीपत्रकातले फोटो नकोत, आजच्या तारखेचा व्हिडिओ मागा. वादळात तारीख हलवली तर पैशांचं काय, हे करारात असायलाच हवं.

मुहूर्त तिथल्या सूर्योदयावरून काढून घ्या. जमैका आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे आहे. डिसेंबरात निग्रिलला सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. तिथे गोरज मुहूर्तावर अंतरपाट दूर होईल तेव्हा पुण्यात पहाटेचे चार वाजलेले असतील. ऑनलाइन अक्षता टाकणाऱ्या आजीआजोबांना हे आधीच सांगून ठेवा.

बाहेरचा फोटोग्राफर किंवा स्वयंपाकी आणला तर बरीच रिसॉर्ट्स वेगळे पैसे लावतात. तो आकडा ठरवतानाच मागा. आंब्याची डहाळी, नारळ, केळीची पानं भारतातून नेऊ नका, सगळं तिथे पिकतं. मुंडावळ्या आणि अंतरपाट मात्र बॅगेत हवेतच. 10 मे 1845 ला ओल्ड हार्बर बे इथे भारतीय मजुरांचं पहिलं जहाज लागलं. त्यांच्या वंशजांमुळे किंग्स्टनला मंदिरही आहे आणि पंडितही मिळतात, पण त्यांची परंपरा उत्तर भारतातली आहे. मंगलाष्टका म्हणणारा माणूस वऱ्हाडी मंडळींबरोबरच न्या. वऱ्हाडाचं विमान अमेरिकेत बदलणार असेल, तर भारतीय पासपोर्टवर तिथला व्हिसा लागतोच, ट्रान्झिटसाठीसुद्धा. तिकिटाआधी तो मिळवा.

लग्नाच्या दिवशी हातात पडतो तो कागद पुरेसा नाही. विवाहदाखल्याची प्रमाणित प्रत जमैकाच्या रजिस्ट्रार जनरलच्या खात्यातून मागवावी लागते, आणि भारतात वापरण्यासाठी तिच्यावर जमैकाच्या परराष्ट्र मंत्रालयाची अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणूनचं अधिकृत प्रमाणपत्र, घ्यावी. दोघांपैकी एक जण भारतीय नागरिक असेल, तर 1969 च्या विदेशी विवाह कायद्याच्या कलम 17 खाली भारतीय दूतावासातल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोंदणीची सोय आहे. किंग्स्टनला आपलं उच्चायुक्तालय, म्हणजे दूतावासच, आहे. या नोंदणीसाठी नवऱ्यामुलाचं वय 21 पूर्ण हवं, जमैकाचं 18 इथे चालत नाही. प्रमाणित प्रती मागवताना एकदम तीन मागवा: एक बँकेला, एक पासपोर्टला, एक घरी.