दिवाळीच्या भेटीत चॉकलेट आले कसे

माया आणि अ‍ॅझ्टेक लोकांच्या लग्नकार्यात कोकोचे फेसाळ पेय असे, पुढे एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये ईस्टरची चॉकलेटची अंडी निघाली. मुंबईच्या सणांची गोष्ट मात्र बरीच अलीकडची आहे. १९४८ मध्ये एका ब्रिटिश कंपनीने इथे आयात माल विकायला सुरुवात केली. त्यानंतर कित्येक दशके चॉकलेट म्हणजे पोरांचा खाऊ. वाढदिवसाला वर्गात वाटायचे, मामाने येताना आणायचे. वांद्र्याच्या बेकऱ्यांतली ईस्टरची अंडी सोडली, तर सणाच्या ताटात त्याला जागा नव्हती. १९९४ च्या सुमारास जाहिरातींतून मोठी माणसे चॉकलेट खाताना दिसू लागली, पण दिवाळीला पेढे, बर्फी आणि काजूकतलीच.

खरे वळण ऑक्टोबर २००३ चे. दिवाळी तोंडावर असताना मुंबईत एका नामांकित कंपनीच्या चॉकलेटच्या वड्यांमध्ये अळ्या सापडल्या. कंपनी म्हणाली, दुकानदार माल नीट ठेवत नाहीत. यात तथ्य होतेच. वाण्याच्या दुकानात तांदूळ-डाळीच्या पोत्यांशेजारी चॉकलेटचा खोका असे आणि धान्यातली कीड तिथून आत शिरू शकते. पण सरकारी खात्याचा प्रश्न बिनतोड होता: वेष्टन घट्ट असते तर अळी आत गेलीच कशी? वेष्टन हा उत्पादनाचाच भाग, तेव्हा जबाबदारी कारखान्याची. दोष दुकानावर ढकलून ग्राहकाला काय मिळणार होते? त्या दिवाळीत विक्री चांगलीच घसरली. जानेवारी २००४ मध्ये उष्णतेने सील केलेले अ‍ॅल्युमिनियमचे वेष्टन आले. ते आपल्याकडे आधीच यायला हवे होते.

पुढच्या जाहिरातींनी मिठाईच्या जागेवरच दावा सांगितला. त्यांना आयता आधार मिळाला तो खव्याच्या बातम्यांचा. गणपती-दिवाळी आली की भेसळीचा खवा पकडल्याची बातमी दरवर्षी ठरलेली. त्यापुढे तारीख छापलेला, सीलबंद डबा लोकांना बरा वाटू लागला. ऑफिसांनाही तो सोयीचा पडला, कारण दोनशे डबे आठवडाभर आधी आणून ठेवले तरी खराब होत नाहीत.

याच काळात घरगुती चॉकलेटचा धंदाही फोफावला. क्रॉफर्ड मार्केटमधून कंपाउंडची, म्हणजे चॉकलेटच्या स्वस्त पर्यायाची लादी, प्लास्टिकचे साचे आणि रंगीत चमकी कागद आणायचा. लादी सुरीने किसून उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर भांडे ठेवून वितळवायची, साच्यात ओतून दोनदा आपटायचे म्हणजे बुडबुडे निघतात, मग फ्रिजमध्ये. कंपाउंडमध्ये कोको बटरऐवजी, म्हणजे कोकोच्या बियांतल्या चरबीऐवजी, वनस्पती तेलाची चरबी असते. कोको बटर साधारण ३४ अंशांना वितळते, म्हणजे ऑक्टोबरच्या उकाड्यात लोकलमधून नेताना त्याचे काय होईल ते सांगायला नको. कंपाउंड तग धरते, स्वस्तही पडते, चवीत मात्र कमी. रुखवतातले चॉकलेटचे बुके आणि गणपतीतले चॉकलेट मोदक बहुतेक याच लादीचे. विकणाऱ्याने ते स्पष्ट सांगावे, एवढी अपेक्षा रास्त आहे.

करात मात्र चॉकलेट सणाचे मानले गेले नव्हते. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा मिठाईवर ५ टक्के आणि चॉकलेटवर २८ टक्के कर होता. नोव्हेंबरमध्ये चॉकलेटवरचा कर १८ वर आला आणि तिथेच राहिला. २२ सप्टेंबर २०२५ पासून चॉकलेटवरही ५ टक्केच लागू झाले. जीएसटी आल्यापासून मिठाई आणि चॉकलेट एकाच दराने विकली गेलेली ती पहिली दिवाळी.