कोळंबीची अ‍ॅलर्जी आणि डोळ्यातले आयोडीन

कोळंबी किंवा खेकडे खाल्ल्यावर ज्यांच्या अंगावर पित्त उठते, त्यांच्या डोळ्यात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी पोव्हिडोन-आयोडीन हे जंतुनाशक घालू नये, हा समज वर्षानुवर्षे चालत आला असला तरी तो चुकीचा आहे. ही अ‍ॅलर्जी मुख्यतः कोळंबीच्या स्नायूंतील ट्रोपोमायोसिन या प्रथिनामुळे होते. आयोडीनशी तिचा संबंध नाही. आयोडीन तर रोजच्या मिठातूनही पोटात जाते.

शस्त्रक्रियेपूर्वी पापण्यांची त्वचा सहसा पोव्हिडोन-आयोडीनच्या 10 टक्के द्रावणाने पुसतात आणि डोळ्यात 5 टक्के द्रावणाचे तपकिरी थेंब सोडून निदान 3 मिनिटे थांबतात, कारण पापण्यांच्या कडेचे जंतू आत शिरून एन्डोफ्थॅल्मायटिस, म्हणजे डोळ्याच्या आतला गंभीर संसर्ग, झाला तर दृष्टी जाऊ शकते. नुसते प्रतिजैविकाचे थेंब या द्रावणाची जागा घेत नाहीत. नंतर डोळा चुरचुरतो, लाल होतो, तो बहुधा द्रावणाचा दाह असतो. पण रुग्ण त्यालाच अ‍ॅलर्जी म्हणतात आणि केसपेपरवर तशीच नोंद चढते, ही खरी अडचण. पोव्हिडोन-आयोडीनचीच खरी अ‍ॅलर्जी क्वचित आढळते, आणि तेव्हा पाण्यातले सौम्य क्लोरहेक्सिडीन हे दुसरे जंतुनाशक वापरता येते. स्पिरिट मिसळलेले मात्र डोळ्यात अजिबात जाऊ देऊ नये, कारण त्याने पारपटल, म्हणजे बुबुळापुढचा पारदर्शक पडदा, भाजते.