मिनिमम ड्यू भरलं की व्याज टळतं?

"ट्रॅव्हल क्रेडिट कार्डावर फक्त मिनिमम ड्यू भरा, व्याज लागत नाही, रिवॉर्ड पॉइंट मात्र साठत राहतात," असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. मिनिमम ड्यू म्हणजे बिलातली किमान भरायची रक्कम. गैरसमज होणं साहजिक आहे, कारण मिनिमम भरलं की लेट फी खरंच लागत नाही. व्याज मात्र लागतं, तेही खरेदीच्या तारखेपासून.

40,000 रुपयांचं विमानाचं तिकीट धरा. महिना 3.5 टक्के दराने व्याज साधारण 1,400, त्यावर 18 टक्के जीएसटी 252. पॉइंट एक टक्क्याचे धरले तर 400 रुपयांचे! शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीला, अगदी किराण्यालाही, बिनव्याजी मुदत नाही.

खात्री करायचीय? स्टेटमेंटवरची 'फायनान्स चार्जेस'ची, म्हणजे व्याजाची, ओळ बघा. पहिलंच कार्ड असेल तर टोटल ड्यूचं, म्हणजे पूर्ण बिलाचं, ऑटो-डेबिट (खात्यातून आपोआप भरणा) लावून टाका. तिथे मिनिममचाही पर्याय असतो, टिक जपून करा.