पंप अॅक्शन आणि सेमी-ऑटो: दिसायला सख्ख्या बहिणी, वागायला वेगळ्या

फेब्रुवारीत भाची सुट्टीवर ठाण्याला आली होती. कॅनडात भूगर्भशास्त्र शिकते. मे ते सप्टेंबर तिथल्याच वायव्येकडच्या युकॉनमध्ये खडकांचे नमुने गोळा करायचं काम तिला मिळालं होतं. तंबूत राहायचं, दिवसभर पायी फिरायचं, आणि तो मुलूख ग्रिझली अस्वलांचा. नौपाड्यातल्या आमच्या घरी जेवणं आटोपल्यावर तिने फोन पुढे केला. त्यावर दोन शॉटगनचे, म्हणजे छर्ऱ्यांच्या बंदुकांचे फोटो होते.

"मामा, या दोन्ही एकच ना? एक स्वस्त, एक महाग, एवढाच फरक?"

तिने मलाच विचारलं त्याला कारण आहे. मुरबाडकडच्या शेतावर रानडुकरांसाठी आजोबांनी घेतलेली दुनळी आज माझ्या परवान्यावर आहे. परदेशात नोकरी केली तेव्हा तिथल्या रेंजवर पंप आणि सेमी-ऑटो, दोन्ही प्रकार मी बरेच चालवलेत. तिचा गोंधळ मला नवा नव्हता. ज्यांच्या हातात परवाना आहे अशी माणसंसुद्धा या दोन बंदुकांना सरसकट 'पंप' म्हणतात.

गोंधळ होतो तो आकारामुळे. दोन्हींना एकच नळी, आणि त्या नळीखाली काडतुसं ठेवायची दुसरी बारीक नळी. दस्ता तसाच, चाप तसाच, बोअर, म्हणजे नळीचं माप, बहुधा बाराच. ओळखायचं असेल तर दोन जागा बघायच्या. पहिली जागा उजव्या कुशीची, जिथून रिकामं काडतूस बाहेर पडतं. तिथे बोल्टला, म्हणजे काडतुसामागच्या सरकत्या अडसराला, बोटात धरण्यासारखा छोटा दांडा असेल तर ती सेमी-ऑटो. पंपच्या बोल्टला असा दांडा नसतो, कारण तिथे ते काम डावा हात करतो. दुसरी जागा म्हणजे डाव्या हाताची मूठ, नळीखालची. पंपमध्ये ती पुढेमागे सरकते, सेमी-ऑटोमध्ये ती पक्की असते. भाचीच्या पहिल्या फोटोत रेमिंग्टन ८७० होती, म्हणजे पंप. दुसऱ्या फोटोत बोल्टचा दांडा स्पष्ट दिसत होता.

आता आत काय घडतं ते सांगतो, कारण निवड तिथेच ठरते.

पंपमध्ये बार उडाल्यावर बंदूक स्वतःहून काहीच करत नाही. तुम्ही मूठ मागे ओढता तेव्हा बोल्टचं कुलूप सुटतं, रिकामं काडतूस बाहेर फेकलं जातं, आतला घोडा चढतो, आणि नवं काडतूस उचललं जातं. मूठ पुढे ढकलली की ते काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या घरात, बसतं आणि बोल्टला पुन्हा कुलूप लागतं. ही रचना जुनी आणि भरपूर वापरलेली आहे. ८७० बाजारात आली १९५० साली आणि आजवर एक कोटीहून जास्त विकली गेली. मॉसबर्ग ५०० ही तिची जवळची स्पर्धक. तिची सेफ्टी, म्हणजे चाप रोखणारी कळ, वर अंगठ्याखाली असते, म्हणून डावखुऱ्या माणसाला ती सोयीची पडते. ८७०ची सेफ्टी चापामागे आडव्या बटणाची.

सेमी-ऑटोत हे सगळं काम उडालेल्या काडतुसाची ताकद करते. काही बंदुकांत नळीला बारीक भोकं असतात, त्यातून थोडा वायू येऊन दट्ट्याला मागे ढकलतो. काहींत वायू वापरतच नाहीत. बंदूक धक्क्याने मागे येते तेव्हा जड बोल्ट जडत्वामुळे जागीच राहू पाहतो, मधली स्प्रिंग दाबली जाते, आणि ती सुटताना बोल्टला मागे फेकते. जॉन ब्राउनिंग यांची ऑटो-५ ही पहिली यशस्वी सेमी-ऑटो शॉटगन, १९०२ पासून बनू लागली. तिच्यात तर नळीच मागे सरकायची. पद्धत कुठलीही असो, तुम्ही फक्त चाप ओढायचा. वायूवर चालणाऱ्या बंदुकीचा खांद्याला बसणारा धक्काही पंपपेक्षा मऊ लागतो. भाचीसारख्या सडपातळ मुलीला हा फरक पहिल्या पाच बारांतच कळतो.

एवढं ऐकून तिने साहजिकच विचारलं, "मग महागडीच घ्यायला हवी ना?"

रेंजवर मीही तेच म्हणालो असतो. पण रानात बंदूक बहुतेक वेळ चालवायची नसते, वाहायची असते. पाऊस, चिखल, नदी ओलांडणं, रात्री तंबूत दव, दिवसा खांद्यावर हेलकावे. महिनोन्‌महिने एकही बार उडवायचा नाही, आणि उडवायची वेळ आलीच तर दोन सेकंदांत. ग्रिझली ताशी पन्नास किलोमीटरहून जास्त वेगाने धावून येऊ शकतं. तीस मीटर म्हणजे जेमतेम दोन सेकंद. अशा वेळी बंदूक कुठे अडू शकते हे मी आधी बघतो, ती किती वेगाने चालते हे नंतर.

सेमी-ऑटो अडते ती बहुधा काडतुसावर. काडतुसाची ताकद कमी पडली तर बोल्ट पूर्ण मागे येत नाही. हलक्या काडतुसांवर कुरकुरणाऱ्या बंदुका मी स्वतः पाहिल्या आहेत. थंडीत तेल घट्ट झालं, वायूच्या भोकांत काजळी साचली, की तोच प्रकार. जडत्वावर चालणाऱ्या बंदुकीत आणखी एक बारीक खोड असते, आणि ती नेमकी रानात वाहतानाच दगा देते. खांद्यावरून आपटत-आदळत नेताना बोल्ट केसभर मागे सरकतो आणि त्याचं कुलूप नीट बसलेलं नसतं. दिसायला सगळं ठीक. चाप ओढला की नुसतं 'टिक'. म्हणून अशी बंदूक हातात घेतल्यावर बोल्टच्या दांड्याला तळव्याने पुढे एक दाब द्यायची सवय लावतात.

पंप काडतुसाच्या ताकदीवर अवलंबून नाही. हलकं काडतूस, भारी काडतूस, तिला सारखंच. एखादं उडालं नाही तर मूठ ओढायची, ते बाहेर, दुसरं आत. पण काडतूस चेंबरमध्ये बसायला तर हवं, आणि हे समजायला मला आजोबांची एक आठवण उपयोगी पडते. त्यांच्या काळची काडतुसं कागदी असत. पावसाळ्यात पत्र्याच्या डब्यात तांदूळ घालून त्यात ठेवत, तरी एखादं फुगायचंच. एकदा श्रावणात त्यांनी एक काडतूस माझ्या तळहातावर ठेवलं. पितळी बूड चकचकीत, पण वरचा कागद ओलसर आणि बोटाला जाड लागणारा. दुनळी मोडून त्यांनी ते चेंबरमध्ये सरकवायचा प्रयत्न केला. अर्धं आत गेलं आणि थांबलं. ते म्हणाले, "हे वेळेला बसणार नाही, म्हणून आजच बघायचं." आजची काडतुसं प्लॅस्टिकची असतात, तशी फुगत नाहीत. पण न्यायचं प्रत्येक काडतूस आधी एकदा चेंबरमधून काढून बघावं हे मी अजून पाळतो, पंप असो वा सेमी-ऑटो.

पंपचाही एक दोष आहे, आणि तो माणसाच्या हातात आहे. घाबरलेला माणूस मूठ पूर्ण मागे ओढत नाही. अर्ध्यातूनच पुढे ढकलतो. नवं काडतूस उचललंच जात नाही, बोल्ट रिकाम्या चेंबरवर किंवा वापरलेल्याच काडतुसावर बंद होतो, आणि पुढचा चाप फुकट जातो. रेंजवर नवख्यांकडून मी हे कितीदा पाहिलंय ते मोजता येणार नाही. दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. अस्वलाने एक हात जायबंदी केला तर पंप चालवणं फार कठीण, आणि सेमी-ऑटो एका हातानेही पुढचा बार काढते. ज्याचा हात बंदुकीवर बसलाय, जो दर महिन्याला शंभर-दोनशे काडतुसं उडवतो आणि दर वेळी बंदूक उघडून पुसतो, त्याने सेमी-ऑटो खुशाल न्यावी. भाची त्यातली नाही. तिला कामावर जी बंदूक मिळणार ती कॅम्पातल्या चौघांच्या हातांतून फिरणार, ट्रकच्या मागे धूळ खाणार. तिच्यासाठी पंपच, आणि यात माझ्या मनात शंका नाही.

काडतुसाबद्दल मात्र मी तिच्याशी जास्त वेळ बोललो. आपल्याकडे एलजी, एसजी हे मोठे छर्रे सगळ्यांना ठाऊक. एसजीचा दाणा साधारण साडेआठ मिलिमीटरचा, म्हणजे अमेरिकेतल्या 'डबल-ऑट' छर्ऱ्याएवढाच. एका काडतुसात असे आठ-नऊ दाणे. हरणासारख्या प्राण्यांसाठी ते बनलेले आहेत. ग्रिझलीच्या जाड चरबी-स्नायूंतून आणि हाडांतून खोलवर जाण्याइतकं वजन एका दाण्यात नसतं. तिथे स्लग लागतो: एकच शिशाचा गोळा, साधारण २८ ग्रॅमचा. अलास्काचं मासे व शिकार खातंही अस्वलांच्या मुलुखात शॉटगन न्यायची तर बारा बोअर आणि स्लग असंच सांगतं. स्लगमध्येही मऊ शिशाचा आपटल्यावर चपटा होतो. कठीण मिश्रधातूचा, ब्रेनेके पद्धतीचा, आकार टिकवून खोल जातो. अस्वलासाठी तोच.

आणि बोअरची भेसळ कधीही करायची नाही. 'बारा बोअर' म्हणजे एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले तर त्यातला एक ज्या नळीत बरोब्बर बसेल ती नळी, साडेअठरा मिलिमीटर व्यासाची. वीस बोअरची नळी याच हिशेबाने बारीक. वीसचं काडतूस चुकून बाराच्या बंदुकीत गेलं तर ते चेंबरमधून पुढे घसरून नळीच्या सुरुवातीलाच अडकतं. चेंबर रिकामा दिसतो, माणूस मागून बाराचं काडतूस घालतो, आणि नळी हातात फुटते. वीसची काडतुसं पिवळी करतात ती यासाठीच. चौघांच्या कॅम्पात दोन बोअरच्या बंदुका नकोत, हे मी तिला दोनदा सांगितलं.

कायद्यात तर या दोन बहिणी पार वेगळ्या घरच्या. कॅनडात दोन्ही साध्या परवान्यावर मिळू शकतात. तो परवाना सुरक्षेचा अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर मिळतो. पण सेमी-ऑटोला तिथे मॅगझिनमध्ये, म्हणजे काडतुसं ठेवायच्या नळीत, पाचच काडतुसांची मर्यादा आहे, आणि नळी ४७० मिलिमीटरपेक्षा आखूड असेल तर ती वेगळ्या, कडक वर्गात जाते. शिवाय २०२० पासून बंदी घातलेल्या बंदुकांची यादी वाढत चालली आहे, म्हणून घेण्याआधी नाव तपासावं लागतं.

आपल्याकडे फरक आणखी मोठा. शस्त्र नियमांनुसार सेमी-ऑटो शॉटगन प्रतिबंधित वर्गात मोडते. ठाणे पोलीस आयुक्तालयातून माझ्यासारख्याला मिळतो त्या साध्या परवान्यावर ती घेता येत नाही. पंप घेता येते, पण नळी किमान वीस इंची, म्हणजे ५०८ मिलिमीटर हवी. साडेअठरा इंची नळीची जी पंप भाचीच्या कॅम्पात सर्रास चालेल, ती इथे त्याच प्रतिबंधित वर्गात जाते. दुकानदाराने 'पंप आहे' म्हटलं म्हणून विश्वासावर पैसे देऊ नका. मूठ सरकवून बघा, बोल्टचा दांडा शोधा, नळीला टेप लावा.

हे वाचून येऊरच्या पायवाटांसाठी असा विचार कुणाच्या मनात येत असेल, तर तो तिथेच थांबवा, हे मी कळकळीने सांगतो. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे तिथे लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन पाऊल टाकता येत नाही, तुमचा परवाना कितीही खरा असो. आणि तिथला बिबट्या म्हणजे ग्रिझली नव्हे. तो माणसाला टाळतो. संध्याकाळनंतर एकटं न जाणं, लहान मुलांना मधे घेऊन चालणं, टॉर्च लावणं, मोठ्याने बोलत राहणं, एवढं तिथे पुरतं.

युकॉनमध्येही बंदूक माझ्या यादीत दुसरी होती. पहिला होता मिरचीच्या अर्काचा अस्वल-फवारा. अस्वलांचे अभ्यासक टॉम स्मिथ आणि सहकाऱ्यांनी अलास्कात १९८५ ते २००६ या काळात फवारा वापरल्याच्या घटना तपासून २००८ साली जे मांडलं, त्यात तपकिरी अस्वलांच्या बाबतीत फवाऱ्याने ९२ टक्के वेळा काम केलं होतं, आणि ग्रिझली त्याच जातीचं. फवारा बाळगणाऱ्यांपैकी ९८ टक्के लोकांना जवळून गाठ पडूनही इजा झाली नव्हती. तो विमानात नेता येत नाही, म्हणून तिथे पोचल्यावरच घ्यायचा. आणि सॅकच्या कप्प्यात नाही, छातीवरच्या पट्ट्यात ठेवायचा.

एप्रिलच्या शेवटी तिचा युकॉनमधल्या व्हाइटहॉर्सहून फोन आला. अभ्यासक्रम झाला होता, परवाना यायचा होता. तोवर परवानाधारकाच्या थेट देखरेखीखाली सराव चालू. पहिल्याच दिवशी मूठ अर्धी ओढून तिने दोनदा 'टिक' ऐकलं होतं. मग प्रशिक्षिकेने बिनदारूची सरावाची काडतुसं देऊन तिला रोज पन्नास वेळा तेच करायला लावलं.

"मामा, आता पूर्ण ओढली की मागच्या बाजूला ठक्क लागतं, ते हाताला कळतं," ती म्हणाली. "फवारा आजच घेतला. उद्या रिकामा डबा घेऊन छातीवरून काढायचा सराव."