दोन स्थितींचं यंत्र आणि न संपणारी क्रमिका

०, १, १, ०, १, ०, ०, १, १, ०, ०, १, ०, १, १, ०... ही क्रमिका कधीच संपत नाही. तिच्यात काहीतरी शिस्त आहे हे नजरेला जाणवतं, पण एकच तुकडा ठरावीक अंतराने फिरून येतोय असंही दिसत नाही. तयार करायची रीत मात्र शाळकरी मुलालाही जमेल अशी आहे. ० लिहा. मग दर फेरीला प्रत्येक ० च्या जागी ०१ आणि प्रत्येक १ च्या जागी १० लिहीत चला. आधी ०१, मग ०११०, मग ०११०१००१. लांबी दर फेरीला दुप्पट होते आणि आधी लिहिलेलं सगळं सुरुवातीला जसंच्या तसं राहतं.

हिला थ्यू-मोर्स क्रमिका म्हणतात. तिच्याकडे पाहायची आणखी एक वाट आहे, आणि मला ती जास्त मोलाची वाटते. पदांना शून्यापासून क्रमांक द्या. तेरा क्रमांकाचं पद हवं असेल, तर १३ ही संख्या द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ हे अंक वापरून, लिहा: ११०१. त्यात तीन वेळा १ आला. तीन विषम, म्हणून पद १. एकांची संख्या सम असती तर पद ० असतं.

हे काम करणाऱ्या यंत्राला एक किती वेळा आला हे मोजायचीही गरज नाही. त्याला फक्त दोन स्थिती पुरतात, ‘सम’ आणि ‘विषम’. अंक एकेक करून वाचायचे, १ दिसला की स्थिती बदलायची, ० दिसला की आहे तिथेच थांबायचं. शेवटी ज्या स्थितीत असू, ते उत्तर. अशा यंत्राला फायनाइट ऑटोमॅटन म्हणतात. ठरलेल्या मोजक्या स्थिती, त्यापलीकडे कसलीही स्मरणशक्ती नाही. १०,००,००० या क्रमांकाचं पद काढायला आधीची लाखो पदं लिहावी लागत नाहीत. ही संख्या द्विमानात वीस अंकी आहे आणि तिच्यात सात एक आहेत, म्हणून पद १. वीस पावलांत काम झालं. अशा यंत्रातून निघणाऱ्या क्रमिकांना ऑटोमॅटिक क्रमिका म्हणतात.

इतक्या तुटपुंज्या स्मरणशक्तीतून काय निघू शकतं, हे नॉर्वेचे गणितज्ञ अ‍ॅक्सेल थ्यू यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दाखवलं. १९१२ च्या शोधनिबंधात त्यांनी सिद्ध केलं, की या क्रमिकेत कोणताही तुकडा सलग तीनदा येत नाही. ००० नाही, ०१०१०१ नाही, आणि हजार अंकी तुकडा घेतलात तरी नाही. दोन स्थितींचं यंत्र अनंत काळ चालतं आणि एकदाही तिहेरी पुनरावृत्तीत अडकत नाही!

याचा सर्वांत देखणा उपयोग बुद्धिबळात झाला. खेळ अनंत काळ चालू नये म्हणून त्या काळी एक नियम चर्चेत होता: खेळ्यांची तीच मालिका लागोपाठ तीनदा झाली की डाव बरोबरीत सोडवायचा. नेदरलँड्सचे माक्स युवे यांनी १९२९ मध्ये दाखवलं की हा नियम पुरा पडत नाही. युवे गणिताचे शिक्षक होते आणि १९३५ मध्ये अलेखिनला हरवून ते विश्वविजेतेही झाले. कल्पना समजायला सोपी आहे. क्रमिकेत ० आला की दोन्ही खेळाडूंनी राजाच्या बाजूचा घोडा बाहेर काढून परत घरी न्यायचा, १ आला की वजिराच्या बाजूचा. पट दर वेळी मूळ मांडणीवर येतो, पण खेळ्यांची कोणतीही मालिका सलग तीनदा येत नाही. डाव कायमचा चालू! आजचा नियम खेळ्यांऐवजी पटावरची मांडणी पाहतो, आणि शक्य मांडण्यांची संख्या मर्यादित असल्यामुळे ही पळवाट उरत नाही.

हीच क्रमिका फ्रेंच गणितज्ञ प्रूए यांच्या कामात १८५१ मध्येच डोकावली होती. ० ते ७ या संख्यांचे तिच्यानुसार दोन गट करा: ०, ३, ५, ६ आणि १, २, ४, ७. दोन्हींची बेरीज १४. वर्गांचीही बेरीज दोन्हीकडे ७०. ० ते १५ घेतल्या तर घनांच्याही बेरजा जुळतात. कागद-पेन घेऊन करून पाहा, फार समाधान मिळतं.

मग या यंत्रांना जमत नाही असं काय आहे? पहिली गोष्ट म्हणजे संख्या कोणत्या पद्धतीत लिहिली आहे यावर सगळं अवलंबून असतं. २ चे घात ओळखायचे असतील तर द्विमानात काम अगदी सोपं: सुरुवातीला १, पुढे नुसती शून्यं. त्याच संख्या तीनच्या किंवा दहाच्या पायात लिहून द्या, की स्थितींची संख्या मर्यादित असलेलं कोणतंही यंत्र हरतं. अ‍ॅलन कोभम यांनी १९६९ मध्ये याहून व्यापक गोष्ट सिद्ध केली. एखादी क्रमिका दोनच्या पायातही ऑटोमॅटिक असेल आणि तीनच्याही, तर काही पदांनंतर ती साध्या आवर्तनात पडलेलीच असते. म्हणजे पायांतला फरक केवळ लिहिण्यापुरता नाही, तो यंत्राच्या कुवतीतच उतरतो. (दोन आणि चार यांच्यात मात्र असा दुरावा नाही, कारण चार हा दोनचाच घात.)

मूळ संख्या ओळखणंही या यंत्रांच्या आवाक्याबाहेर आहे, पाया कोणताही घ्या. तरी थ्यू-मोर्सचं आणि मूळ संख्यांचं एक नातं सापडलं आहे. द्विमानात लिहिलेल्या मूळ संख्यांपैकी निम्म्यांत एकांची संख्या सम आणि निम्म्यांत विषम असते का, या प्रकारचा प्रश्न गेलफाँड यांनी १९६८ मध्ये मांडला. पुढे पुढे जावं तसं प्रमाण निम्म्याच्या जवळ जात राहतं, हे मोदुई आणि रिवा यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात सिद्ध केलं.

आणि २ चं वर्गमूळ? १.४१४२१३५... हे अंक असं एखादं यंत्र देऊ शकेल का? देऊ शकणार नाही असा कयास कोभम यांनी १९६८ मध्ये बांधला होता. सिद्धता २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, अदामचेव्स्की आणि ब्युजो यांची. कोणत्याही बैजिक (म्हणजे पूर्णांक सहगुणक असलेल्या बहुपदी समीकरणाचं उत्तर असणाऱ्या) अपरिमेय संख्येचे अंक फायनाइट ऑटोमॅटनमधून निघू शकत नाहीत, मग यंत्राला लाख स्थिती द्या की अब्ज. हे अंक साधे नाहीत, एवढं यातून पक्कं झालं. पण ते किती विस्कळीत आहेत, याबद्दल गणिताच्या हाती फारच थोडं आहे. २ च्या वर्गमुळाच्या दशांश विस्तारात ७ हा अंक अनंत वेळा येतो, एवढंसुद्धा अजून कोणाला सिद्ध करता आलेलं नाही.